केळीबागेच्या ठिबक नियंत्रकासाठी असिंक्रोनस जोडणी: यूएआरटी, आरएस-४८५ आणि मॉडेम हाताळण्याची रीत

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात ठिबक रुळून बराच काळ झाला आहे, आणि मातीतील ओलावा पाहून स्वतःच व्हॉल्व्ह उघडणारा नियंत्रक घरी तयार करावा, असा विचार इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या कोणाच्याही मनात येतो. सेन्सर, मॉडेम आणि मायक्रोकंट्रोलर आता सहज मिळतात. टेबलावर मांडलेली जुळणी पहिल्याच दिवशी चालतेही. मात्र तीच जुळणी बागेत बसवल्यावर काही दिवसांनी मुकी होते, आणि वीज बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय जागी होत नाही. हार्डवेअर बिघडलेले नसते. समोरचे उपकरण ठरल्या वेळी आणि ठरल्या स्वरूपात उत्तर देणारच, असे प्रोग्राममध्ये कोठेतरी गृहीत धरलेले असते. असिंक्रोनस जोडणीत, म्हणजे सामाईक घड्याळाशिवाय चालणाऱ्या संवादात, ही खात्री कोणीच देत नाही, म्हणून पुढील सर्व पायऱ्या हे गृहीतक एकेका ठिकाणाहून काढून टाकण्यासाठी आहेत.

उदाहरणासाठी पुढील मांडणी घेऊ. नियंत्रकावर एसटीएम३२एफ१०३सी८ हा मायक्रोकंट्रोलर आहे, कारण त्यात तीन स्वतंत्र यूएसएआरटी (एकामागून एक बिट पाठवणारे-घेणारे, यूएआरटीचे काम करणारे भाग) मिळतात. पहिला तपासणीच्या संदेशांसाठी लॅपटॉपकडे जातो, दुसरा ११५२०० बॉडवर (सेकंदाला ११५२०० बिटांनी) एसएमएसच्या मॉडेमशी बोलतो, आणि तिसरा ९६०० बॉडवर आरएस-४८५ (दोन तारांमधील व्होल्टेजच्या फरकाने संदेश नेणारी जोडणी) मार्गे ओलाव्याच्या चार सेन्सरना मॉडबस आरटीयू या विचारणा-उत्तराच्या ठरलेल्या पद्धतीने विचारणा करतो. सर्वांत दूरचा सेन्सर ६०० मीटरवर आहे. याशिवाय मुख्य पाइपावरील पाण्याचे मीटर रीड स्विचद्वारे दर दहा लिटरला एक पल्स देते.

पहिली पायरी: घड्याळाचा हिशेब

यूएआरटीत दोन उपकरणांमध्ये घड्याळाची तार नसते. रेषा रिकामी असताना वरच्या पातळीवर राहते. ती खाली येते तेव्हा स्टार्ट बिट सुरू होतो, त्यामागून सर्वांत कमी किमतीच्या बिटापासून आठ डेटा बिट येतात आणि शेवटी वरच्या पातळीचा स्टॉप बिट येतो. घेणारे उपकरण स्टार्ट बिटाच्या कडेवरून स्वतःचे मोजमाप सुरू करते आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर रेषेची पातळी पाहते. ९६०० बॉडवर एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा असतो, तर ११५२०० वर सुमारे ८.७ मायक्रोसेकंदांचा.

स्टॉप बिटाचा मध्य स्टार्टच्या कडेपासून साडेनऊ बिटांवर येतो. तोपर्यंत दोन्ही घड्याळांतील फरक अर्ध्या बिटापेक्षा कमी राहिला पाहिजे, म्हणजे सैद्धांतिक मर्यादा सुमारे ५ टक्के झाली. कड ओळखताना होणारी चूक आणि लांब तारेमुळे तिरप्या झालेल्या कडा वजा केल्यास प्रत्येक बाजूला दोन टक्क्यांच्या आत राहणे शहाणपणाचे ठरते. या मायक्रोकंट्रोलरमधील ८ मेगाहर्ट्झचे अंतर्गत आरसी घड्याळ तापमानाच्या पूर्ण पल्ल्यात दोन-अडीच टक्क्यांपर्यंत सरकू शकते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, आणि उन्हात टांगलेल्या बंद पत्र्याच्या पेटीत ते त्याहून बरेच वर असते. त्यामुळे येथे बाह्य क्रिस्टलच वापरावा. हिवाळ्यात चाललेला आणि उन्हाळ्यात दुपारी फ्रेमिंगच्या चुका (स्टॉप बिट जागेवर न सापडणे) दाखवणारा नियंत्रक समोर आला, तर सर्वप्रथम घड्याळाचा स्रोत तपासावा.

भागाकाराचा आकडाही हाताने काढून पाहावा. दुसऱ्या व तिसऱ्या यूएसएआरटीला ३६ मेगाहर्ट्झ मिळत असतील, तर ९६०० साठी भाजक नेमका ३७५० येतो. ११५२०० साठी तो ३१२.५ येतो, म्हणजे ३१२ किंवा ३१३ घ्यावा लागतो आणि चूक ०.१६ टक्के राहते, ती चालते. हाच हिशेब १६ मेगाहर्ट्झच्या एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरवर केला तर ११५२०० ला सामान्य पद्धतीत साडेतीन टक्के आणि दुप्पट वेगाच्या पद्धतीत सुमारे २.१ टक्के चूक येते. तेथे मॉडेमचा वेग कमी करणे बरे.

आणखी एक बारकावा येथेच सांगतो. काही सेन्सर सम पॅरिटीवर (चूक ओळखण्यासाठीच्या जादा बिटावर) चालतात. या मायक्रोकंट्रोलरमध्ये आठ डेटा बिटांसह पॅरिटी हवी असल्यास शब्दाची लांबी नऊ बिट निवडावी लागते, कारण पॅरिटीचा बिट त्या लांबीतच मोजला जातो. आठ निवडल्यास डेटाचे सातच बिट उरतात आणि चूक कोठे आहे हे बराच वेळ लक्षात येत नाही.

दुसरी पायरी: तार आणि ट्रान्सीव्हर

३.३ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर असल्याने मॅक्स३४८५ सारखा ३.३ व्होल्टचाच ट्रान्सीव्हर (आरएस-४८५ वर पाठवणारी-घेणारी चिप) निवडावा. तार पीळ दिलेल्या जोडीची घ्यावी, सोबत सामाईक ग्राउंडची तार न्यावी, आणि ही केबल मोटरीच्या वायरबरोबर एकाच चारीत पुरू नये. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर पडतो-उचलतो तेव्हा निर्माण होणारा झटका शेजारच्या तारेत उतरतो. वळवाच्या विजांचा विचार करून दोन्ही टोकांना झटका शोषणारे टीव्हीएस डायोड लावावेत.

प्रतिध्वनी थांबवण्यासाठी दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेशनचा रोध लावावा, असे सगळीकडे वाचायला मिळते. मात्र ९६०० बॉडवर त्याची गरज किती, हे मोजून ठरवावे. तारेत संकेत दर मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद घेतो, म्हणजे ६०० मीटर जाऊन परत येणाऱ्या प्रतिध्वनीला ६ मायक्रोसेकंद लागतात. बिटाचा मध्य ५२ मायक्रोसेकंदांवर आहे; तोपर्यंत प्रतिध्वनी विरून जातात. उलट हे दोन रोध रेषेवर ६० ओहमचा भार टाकतात, सौरपॅनेलवर चालणाऱ्या नियंत्रकाची वीज खातात, आणि कोणीही बोलत नसताना दोन तारांमधील व्होल्टेज शून्याजवळ आणतात. ग्राही चिपला निश्चित पातळीसाठी २०० मिलिव्होल्टचा फरक लागतो. तो नसेल तर रिकाम्या रेषेतूनही कचऱ्याचे बाइट येत राहतात. म्हणून या वेगाला आणि या अंतराला मी टर्मिनेशनचे रोध वगळून फक्त बायस रोध (रिकामी रेषा निश्चित पातळीवर ओढून ठेवणारे) ठेवण्याच्या बाजूचा आहे. वेग वाढवायचा झाल्यास हा निर्णय पुन्हा तपासावा.

आरएस-४८५ च्या दोन तारांवरील ए आणि बी या खुणांबाबत निर्मात्यांमध्ये एकमत नाही. सेन्सर गप्प असेल तर दोन तारा अदलाबदल करून पाहाव्यात. त्याने काही जळत नाही.

ट्रान्सीव्हरचे प्रेषण आणि ग्रहण एकाच पिनने नियंत्रित केलेले असेल, तर प्रेषणाच्या काळात ग्राहीचे आउटपुट तरंगते राहते. मायक्रोकंट्रोलरच्या आरएक्स म्हणजे ग्रहणाच्या पिनवर पुल-अप (पातळी वर धरणारा रोध) नसेल तर ती पिन खाली घसरते आणि खोटा स्टार्ट बिट दिसतो. दहा किलोओहमचा एक रोध हा प्रश्न कायमचा मिटवतो.

तिसरी पायरी: बाइट आत घेणे

येथे सर्वाधिक काळजी हवी. मुख्य लूपमध्ये बाइट आला का, असे विचारत राहणे प्रयोगशाळेत चालते. पण ११५२०० बॉडवर दर ८७ मायक्रोसेकंदांना नवा बाइट येतो आणि या मायक्रोकंट्रोलरमध्ये साठवणीला एकच बाइटाची जागा आहे. तेवढ्या अवधीत मागचा बाइट उचलला नाही, तर पुढचा हरवतो आणि ओआरई म्हणजे ओव्हररनचा झेंडा वर होतो.

पहिला उपाय इंटरप्टचा, म्हणजे बाइट येताच चालू काम थांबवून एक छोटे फंक्शन चालवण्याचा. इंटरप्टच्या फंक्शनमध्ये फक्त तीन कामे करावीत: स्थितीचे एसआर रजिस्टर वाचणे, डेटाचे डीआर रजिस्टर वाचणे, आणि चूक नसेल तर बाइट रिंग बफरमध्ये (शेवटाला पोचल्यावर पुन्हा सुरुवातीपासून भरणाऱ्या साठवणीत) ठेवणे. संदेशाचा अर्थ लावणे, सीआरसी (संदेशाच्या शेवटचा चूक-तपासणीचा आकडा) तपासणे, व्हॉल्व्ह उघडणे यांपैकी काहीही तेथे करू नये. बफरचा लिहिण्याचा निर्देशांक केवळ इंटरप्टने बदलावा आणि वाचण्याचा केवळ मुख्य लूपने; हा नियम पाळला की इंटरप्ट बंद करण्याची गरज पडत नाही. दोन्ही निर्देशांक व्होलाटाइल (म्हणजे मूल्य केव्हाही बदलू शकते असे) घोषित करावेत, आणि बाइट आधी बफरमध्ये ठेवून मगच निर्देशांक पुढे सरकवावा. बफरचा आकार दोनाच्या घातात, म्हणजे १२८ किंवा २५६ ठेवल्यास गुंडाळण्याचे काम एका अँड क्रियेत होते. आठ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरवर मात्र सोळा बिटांचा निर्देशांक दोन तुकड्यांत वाचला जातो आणि मध्येच इंटरप्ट आला तर भलताच आकडा मिळतो. तेथे निर्देशांक एका बाइटाचाच ठेवावा.

बाग मुकी होण्याचे एक नेमके कारण याच फंक्शनमध्ये दडलेले असते. पुष्कळ नमुना प्रोग्राममध्ये आरएक्सएनई हा, बाइट आल्याचे सांगणारा झेंडा वर असेल तरच डीआर वाचलेला असतो. आता समजा, एसआर वाचल्यानंतर आणि डीआर वाचण्यापूर्वी ओव्हररन झाला. डीआर वाचल्याने आरएक्सएनई उतरतो, पण ओआरई तसाच राहतो, कारण तो उतरण्यासाठी आधी एसआर आणि मग डीआर असा क्रम त्याच्यानंतर पुन्हा घडावा लागतो. ग्रहणाचा इंटरप्ट चालू असताना ओआरई देखील इंटरप्ट मागतो. फंक्शन पुन्हा सुरू होते, आरएक्सएनई खाली असल्याने काहीच न करता परतते, आणि लगेच पुन्हा बोलावले जाते. मुख्य लूपला वेळच मिळत नाही. टेबलावर हे महिनोन्महिने घडत नाही, कारण त्यासाठी बाइटांची गर्दी आणि काही मायक्रोसेकंदांचा योगायोग लागतो. उपाय साधा आहे: आरएक्सएनई किंवा ओआरई यांपैकी काहीही वर असले तरी डीआर वाचावा आणि ओव्हररनचा मोजणी-आकडा एकाने वाढवावा. एचएएल हे निर्मात्याचे तयार फंक्शनांचे ग्रंथालय वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की, इंटरप्टने चाललेले ग्रहण ओव्हररननंतर ते ग्रंथालय थांबवते. चूक कळवणाऱ्या कॉलबॅकमधून ग्रहण आपणच पुन्हा सुरू करावे लागते.

दुसरा उपाय डीएमएचा, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता बाइट मेमरीत टाकणाऱ्या यंत्रणेचा, आणि मॉडेमसाठी मी तोच सुचवीन. नियंत्रक दिवसाचा हिशेब स्वतःच्या फ्लॅश मेमरीत लिहीत असेल, तर एक पान पुसायला या मायक्रोकंट्रोलरला २० ते ४० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ फ्लॅशमधून चालणारा प्रोग्राम जागच्या जागी थांबतो. इंटरप्टचे फंक्शनही फ्लॅशमध्येच असल्याने तेही थांबते. ११५२०० वर ४० मिलिसेकंदांत सुमारे ४६० बाइट येऊ शकतात. इंटरप्टची पद्धत कितीही नीट लिहिली तरी ते वाचणार नाहीत. डीएमए मात्र बाइट थेट रॅममध्ये टाकत राहतो. दुसऱ्या यूएसएआरटीच्या ग्रहणासाठी डीएमए १ ची सहावी वाहिनी आणि तिसऱ्यासाठी तिसरी वाहिनी नेमलेली आहे. वाहिनी वर्तुळाकार पद्धतीत ठेवावी आणि बफर १०२४ बाइटांचा घ्यावा. ५१२ चा बफर ४४ मिलिसेकंदांत भरतो, त्यामुळे तो हिशेबात अगदी काठावर बसतो. लिहिण्याचे स्थान हवे तेव्हा बफरच्या आकारातून वाहिनीचा उरलेला आकडा वजा करून काढता येते. बफर आपल्या वाचण्याच्या स्थानाला ओलांडून गेला तर डीएमए स्वतःहून तक्रार करत नाही, म्हणून अर्धा आणि पूर्ण भरल्याचे दोन्ही इंटरप्ट चालू ठेवून फेऱ्या मोजाव्यात.

चौथी पायरी: संदेशाचा शेवट ओळखणे

मॉडबस आरटीयूमध्ये संदेशाच्या शेवटी कोणतेही ठरावीक चिन्ह नसते. साडेतीन अक्षरांइतकी शांतता, हाच शेवट. ९६०० बॉडवर अकरा बिटांचे अक्षर धरल्यास ही शांतता सुमारे ४ मिलिसेकंदांची होते. १९२०० च्या वरच्या वेगांना ती १.७५ मिलिसेकंद अशी स्थिर धरण्याची शिफारस आहे. यूएसएआरटीचा आयडल इंटरप्ट एकाच अक्षराइतक्या शांततेवर येतो, त्यामुळे तो आला म्हणजे संदेश संपला, असे मानणे चूक आहे. त्या क्षणी टायमर सुरू करून उरलेली अडीच अक्षरे थांबावे, आणि मध्ये नवा बाइट आल्यास टायमर रद्द करावा.

आपण विचारणा करणारे असल्याने उत्तराची लांबीही आधीच ठाऊक असते. दोन रजिस्टरे मागितली तर पत्ता, फंक्शन, बाइटांची संख्या, चार बाइट माहिती आणि दोन बाइट सीआरसी असे नऊ बाइट येतात. चूक कळवणारे उत्तर पाच बाइटांचे असते आणि त्यात फंक्शनचा सर्वांत वरचा बिट एक असतो. लांबी आणि शांतता या दोन्ही अटी तपासाव्यात. सीआरसीचा कमी किमतीचा बाइट आधी पाठवला जातो, त्यामुळे संपूर्ण उत्तरावर, सीआरसीच्या दोन बाइटांसकट, तोच हिशेब चालवला तर बरोबर संदेशाला शून्य उरते. ही तपासणी लिहायला सोपी आणि बाइटांच्या क्रमात चुकायला अवघड आहे.

पाचवी पायरी: पाठवणे आणि रेषा सोडणे

विचारणा पाठवण्यापूर्वी ट्रान्सीव्हरची प्रेषणाची पिन वर करावी लागते आणि नंतर खाली आणावी लागते. खाली कधी आणायची, येथे नवशिके हमखास अडखळतात. टीएक्सई हा झेंडा डेटा रजिस्टर रिकामे झाल्याचे सांगतो, पण त्या वेळी शेवटचा बाइट अजून तारेवर जायचा असतो. त्यावर पिन खाली आणली तर सीआरसीचा शेवटचा बाइट तुटतो, सेन्सर तो संदेश टाकून देतो आणि उत्तर देत नाही. थांबावे ते टीसी या झेंड्यासाठी, आणि त्याचाही इंटरप्ट घ्यावा. ठरावीक मिलिसेकंदांचा विलंब टाकून हे भागवू नये. विलंब जास्त झाला तर सेन्सर बोलू लागल्यावरही आपण रेषा धरून ठेवतो, आणि उत्तराचे पहिले बाइट हरवतात.

सहावी पायरी: प्रत्येक प्रतीक्षेला मुदत

सेन्सरशी संवाद एका स्टेट मशिनने चालवावा: रिकामे, पाठवत आहे, उत्तराची वाट पाहत आहे, उत्तर आले, मुदत संपली. उत्तरासाठी सेन्सरच्या माहितीपत्रकात दिलेल्या वेळेच्या दुप्पट मुदत द्यावी, तीन वेळा विचारावे, आणि मग पुढच्या सेन्सरकडे वळावे. गप्प राहिलेल्या सेन्सरला दर फेरीत तीनदा विचारत बसल्यास बाकीच्यांची फेरी लांबते. त्याला काही मिनिटांनी एकदाच विचारावे.

मुदत मोजताना आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करून फरक तपासावा, आणि दोन्ही चलांक चिन्हरहित ३२ बिटांचे असावेत. सुरुवातीच्या वेळेत मुदत मिळवून ती आत्ताच्या वेळेशी ताडण्याची पद्धत वापरू नये, कारण मिलिसेकंदांचा ३२ बिटांचा आकडा सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. बॅटरीवरचा नियंत्रक पावसाळाभर न थांबता चालतो, तेव्हा हा दिवस नक्की उजाडतो.

सेन्सर गप्प असेल तर व्हॉल्व्हचे काय करायचे, हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सचा नसून शेतीचा आहे आणि त्याचे उत्तर बागाईतदाराला विचारूनच प्रोग्राममध्ये घालावे. मेच्या उन्हात केळीला पाणी चुकले तर नुकसान मोठे. व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर विहीर उपसली जाते. जुन्या वाचनाला सहा तासांपर्यंत ग्राह्य धरावे आणि त्यानंतर ठरलेल्या मिनिटांच्या वेळापत्रकावर जावे, हा माझ्या मते रास्त मध्यममार्ग आहे. उपकरणे शेतीच्या विजेवर असतील तर ती पाळीने येते-जाते, त्यामुळे वीज परतल्यावर सेन्सर, मॉडेम आणि नियंत्रक वेगवेगळ्या वेळी जागे होतात. पहिल्या काही सेकंदांतले बाइट टाकून द्यावेत आणि त्या काळातील अपयश मोजू नये.

वॉचडॉग, म्हणजे ठरल्या वेळेत हाक न आल्यास नियंत्रक रीसेट करणारा टायमर, जरूर वापरावा, पण त्याला टायमरच्या इंटरप्टमधून कधीही हाक देऊ नये. मुख्य लूप अडकला तरी टायमर चालूच राहतो, आणि मग वॉचडॉगला काहीच कळत नाही.

सातवी पायरी: मॉडेम आणि पाण्याचे मीटर

मॉडेमची अडचण निराळी आहे. आपण आज्ञा दिल्यानंतर उत्तर येण्याआधीच एखादा एसएमएस आल्याची सूचना किंवा कॉलची सूचना मध्ये घुसते. त्यामुळे आलेली प्रत्येक ओळ आधी अशा अनाहूत सूचनांच्या यादीशी ताडावी, जुळली नाही तरच चालू आज्ञेचे उत्तर म्हणून द्यावी. सुरुवातीला आज्ञेचा प्रतिध्वनी बंद करावा. एसएमएस पाठवताना मॉडेम मजकूर मागण्यासाठी जे मोठेपणाचे चिन्ह (>) पाठवतो, त्यामागे ओळ संपल्याची खूण येत नाही. ओळ पूर्ण होण्याची वाट पाहणारा प्रोग्राम तेथे अडकतो, म्हणून ते चिन्ह वेगळे ओळखावे.

पाण्याच्या मीटरसाठी इंटरप्ट लावण्याचा मोह टाळावा. ताशी वीस हजार लिटर प्रवाह धरला तरी दर दहा लिटरला एक याप्रमाणे ताशी दोन हजार पल्स होतात, म्हणजे दोन पल्समध्ये १.८ सेकंदांचे अंतर. रीड स्विच बंद होताना काही काळ थरथरतो, आणि लांब तारेवर कॉन्टॅक्टरचे झटकेही येतात. इंटरप्ट त्या प्रत्येकाला पाणी समजेल. दर मिलिसेकंदाला पिन पाहावी आणि सलग २० मिलिसेकंद पातळी स्थिर राहिली तरच बदल मानावा.

आठवी पायरी: शेतात नेण्यापूर्वीची तपासणी

आधी टीएक्स (प्रेषण) आणि आरएक्स (ग्रहण) या पिना जोडून स्वतःचेच बाइट परत येतात का पाहावे. मग लॉजिक अॅनालायझरची एक वाहिनी आरएक्सवर, दुसरी ट्रान्सीव्हरच्या प्रेषण-पिनवर आणि तिसरी एका मोकळ्या पिनवर लावावी. ही मोकळी पिन इंटरप्टच्या सुरुवातीला वर आणि शेवटी खाली करावी, म्हणजे इंटरप्ट किती वेळ खातो ते डोळ्यांना दिसते.

यानंतर मुद्दाम त्रास द्यावा. समोरच्या उपकरणाचा वेग तीन टक्क्यांनी बदलावा. संवाद चालू असताना ए-बी तारा एकमेकींना टेकवाव्यात. उत्तर अर्ध्यावर असताना सेन्सरची वीज काढावी. मॉडेमकडून मोठा मजकूर येत असताना फ्लॅशचे पान पुसावे. प्रत्येक वेळी नियंत्रक स्वतःहून सावरला पाहिजे, रीसेटचे बटण दाबावे लागता कामा नये.

फ्रेमिंग, ओव्हररन, नॉइज, सीआरसी आणि संपलेल्या मुदती यांचे वेगवेगळे मोजणी-आकडे ठेवावेत आणि ते रोज एका एसएमएसमध्ये पाठवावेत. फ्रेमिंगचा आकडा दुपारीच वाढत असेल तर घड्याळ पाहावे. केवळ ओव्हररन वाढत असेल तर दोष प्रोग्राममध्ये आहे, केबल उकरू नये. फ्रेमिंग ठीक असून सीआरसी चुकत असेल, आणि त्या वेळा मोटर चालू-बंद होण्याशी जुळत असतील, तर केबलचा मार्ग बदलावा. एकाच सेन्सरच्या मुदती संपत असतील तर आधी त्याचा जोड उघडून पाहावा. ओलीने हिरवे पडलेले तांबे किंवा उंदराने कुरतडलेली वायर सापडण्याची शक्यता अधिक असते.